यूएसबीवाला डिजिटल पियानो, पाच पिनांचा जुना सिंथ, ऑक्टापॅड आणि लॅपटॉप: एकमेकांना जोडायचे कसे?

पांढरी_चार

सामान असं आहे:

यामाहा पी-४५ डिजिटल पियानो. मागे चौकोनी 'यूएसबी टू होस्ट', पेडलचा जॅक आणि एकच हेडफोन जॅक; वेगळा लाइन आउट नाही.
रोलंड एक्सपी-६० सिंथ (सिंथेसायझर). यूएसबी अजिबात नाही, पाच पिनांचे मिडी इन, आउट, थ्रू आहेत.
रोलंड एसपीडी-३० ऑक्टापॅड. यूएसबी आणि पाच पिनांचं मिडी, दोन्ही आहे.
विंडोज १० चा लॅपटॉप, त्यात रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि एक पियानोचा प्लगइन (रीपरच्या आत पियानोचा आवाज काढणारा प्रोग्राम). आठ चॅनलचा साधा मिक्सर.

पियानोच्या पट्ट्यांवर लॅपटॉपमधला पियानो वाजवायचा आहे. त्याच पट्ट्यांवर एक्सपी-६० चे स्ट्रिंग्ज हवेत, तेही गरज पडली तर लॅपटॉप न नेता. ऑक्टापॅड रेकॉर्ड करायचा आहे. साथीला हार्मोनियम असते.

अडलंय ते असं. एक, लॅपटॉप जोडला की प्रत्येक सूर डबल येतो. दोन, प्लगइनचा आवाज बोटांच्या मागून येतो. तीन, लॅपटॉपचा चार्जर लावला की मिक्सरमध्ये घूंऽऽ सुरू. चार, पियानोच्या हेडफोन जॅकमधून मिक्सरला वायर टाकली की आवाज पोकळ, डब्यात बसून वाजवल्यासारखा. पाच, पियानो आणि एक्सपी-६० लॅपटॉपशिवाय जोडायला वायरच सापडत नाही.

वायरमन_रे

आधी कागदावर दोन वेगळी चित्रं काढा, एक मिडीचं आणि एक आवाजाचं. तुमच्या पाचांपैकी तीन अडचणी ही दोन चित्रं एकात मिसळल्यामुळे झाल्या आहेत. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. कुठली पट्टी, किती जोरात, कधी दाबली, कधी सोडली, पेडल खाली की वर, एवढाच निरोप जातो. पी-४५ च्या यूएसबीतूनही फक्त मिडीच जातं. पी-१२५ सारख्या मॉडेलच्या यूएसबीतून आवाजही जातो, त्यामुळे नेटवरचे तिचे व्हिडिओ बघून तुमची जोडणी करू नका.

पाचव्या अडचणीपासून सुरू करतो. यूएसबीत एक यजमान लागतो, बाकी सगळे पाहुणे. लॅपटॉप यजमान, पियानो पाहुणा, ऑक्टापॅडही पाहुणा. दोन पाहुण्यांना समोरासमोर बसवलं तर वाढणार कोण? म्हणून दोन्ही टोकांना चौकोनी पिन असलेली केबल शोधण्यात वेळ घालवू नका. मिळाली तरी उपयोग शून्य. पियानोच्या यूएसबीला थेट पाच पिनांचा प्लग जोडून देणारी 'कन्व्हर्टर' वायरही तशीच: ती लॅपटॉपसाठी असते, तिच्यात यजमान नसतो.

लॅपटॉपशिवाय जोडायचं तर 'यूएसबी मिडी होस्ट' नावाची छोटी डबी लागते. केंटनची मिळते, डोरेमिडीची स्वस्तात मिळते. पियानोची केबल (प्रिंटरला लागते तीच, एका टोकाला चपटी, दुसऱ्याला चौकोनी) चपट्या टोकाने डबीत घालायची. डबीच्या मिडी आउटमधून पाच पिनांची वायर एक्सपी-६० च्या मिडी इनमध्ये. डबीला ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर. झालं. एक अट आहे: पियानोला यूएसबीचं एकच तोंड आहे, त्यामुळे डबी लावली असताना लॅपटॉप लावता येणार नाही.

लॅपटॉप असेल तर डबी नको. त्या वेळी यूएसबी-मिडी इंटरफेस घ्या, म्हणजे एका बाजूला यूएसबी आणि दुसरीकडे पाच पिनांचे दोन प्लग. रोलंडचा यूएम-वन एमके टू चांगला आहे. बाजारात मिळणाऱ्या अगदी स्वस्त निळ्या-काळ्या वायरी टाळा. त्यांची खोड काय ते खाली लिहितो.

जोडणी या क्रमाने करा:

१. यामाहाच्या साइटवरून यूएसबी-मिडी ड्रायव्हर आधी टाका, केबल नंतर लावा. ऑक्टापॅडसाठी रोलंडचा ड्रायव्हर तसाच. उलट क्रमाने केलं की विंडोज भलताच ड्रायव्हर चिकटवतं आणि मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो काढत बसावं लागतं.

२. पियानो आणि ऑक्टापॅड थेट लॅपटॉपला लावा. तोंडं कमी पडली तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. पियानोची यूएसबी केबल ३ मीटरच्या आत ठेवा. पाच पिनांची वायर १५ मीटरपर्यंत चालते.

३. इंटरफेसचा आउट एक्सपी-६० च्या इनमध्ये. इथे लोक हमखास फसतात. काही वायरींवर 'इन' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ 'हा प्लग वाद्याच्या इनमध्ये घाला', तर काहींवर 'हा लॅपटॉपकडे आत येणारा प्लग आहे, वाद्याच्या आउटमध्ये घाला'. आवाज आला नाही तर दोन प्लगांची अदलाबदल करून बघा. काही जळत नाही.

४. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडी डिव्हाइसेस उघडा. पियानो आणि ऑक्टापॅडचे इनपुट सुरू करा, इंटरफेसचा आउटपुट सुरू करा. पियानोचा आउटपुट बंदच राहू द्या. 

५. तीन ट्रॅक. पहिला: इनपुट पियानो, त्यावर प्लगइन. दुसरा: इनपुट पियानो, प्लगइन नाही, राउटिंगमध्ये मिडी हार्डवेअर आउटपुट म्हणून इंटरफेस, चॅनल १. तिसरा: इनपुट ऑक्टापॅड. तिन्ही ट्रॅक आर्म करा (रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवा) आणि पहिल्या दोघांचं मॉनिटरिंग (आत येणारं लगेच पुढे वाजवणं) सुरू ठेवा.

६. एक्सपी-६० वर स्ट्रिंग्जचा पॅच (साठवलेला आवाज) काढा आणि त्याचं रिसीव्ह चॅनल १ आहे ना ते बघा. चॅनल जुळलं नाही तर सगळं बरोबर जोडूनही शुकशुकाट.

विंडोज १० वर बहुतेक ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला मिडी देतात. प्लगइनचं स्वतंत्र ॲप मागे उघडं असेल तर रीपरला पियानो 'मिळत नाही', आणि लोक केबल बदलत बसतात.

स्वस्त वायरींबद्दल. रोलंड-यामाहाची बरीच वाद्यं सतत 'मी आहे, मी आहे' असा एक बाइट पाठवत राहतात, त्याला ॲक्टिव्ह सेन्सिंग म्हणतात. समोरच्या वाद्याला हा बाइट एकदा दिसला की पुढे ३०० मिलिसेकंद काहीच आलं नाही तर ते समजतं वायर निघाली, आणि सगळे सूर बंद करतं. फालतू वायर हे बाइट मधूनमधून खाते. मग लांब धरलेले स्ट्रिंग्ज अचानक तुटतात आणि दोष सिंथला जातो. उलटही होतं: सूर सोडल्याचा निरोप हरवला की सूर अडकून बसतो. तेव्हा रीपरमधून 'ऑल नोट्स ऑफ' पाठवा, तो कंट्रोलर (मिडीतला क्रमांक दिलेला हुकूम) क्रमांक १२३.

काळी_पाच

डबल सुराबद्दल. दोन वेगवेगळी कारणं असतात आणि कानानेच ओळखता येतात.

दोन आवाजांचा पोत वेगळा असेल, एक पियानोच्या स्पीकरमधून आणि दुसरा लॅपटॉपमधून, तर पियानो स्वतःही वाजतोय आणि प्लगइनही. यावर शास्त्रशुद्ध उपाय 'लोकल ऑफ'. त्याने पट्ट्या आणि पियानोच्या आतला आवाज यांचा संबंध तुटतो, निरोप मात्र यूएसबीतून जात राहतो. पी-४५ ला स्क्रीन नाही, त्यामुळे फंक्शनचं बटण धरून ठरावीक पट्टी दाबायची असते. कुठली ते मॅन्युअलमधल्या मिडीच्या पानावर आहे, त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. लॅपटॉपमधून कंट्रोलर १२२ ला शून्य पाठवूनही लोकल बंद होतो, १२७ पाठवला की चालू. बिनस्क्रीनच्या बहुतेक पियानोंवर बंद करून परत चालू केला की लोकल पुन्हा ऑन होतो, हे लक्षात ठेवा. आणि लोकल ऑफ ठेवून केबल काढली तर पियानो मुका होतो. दुरुस्तीला नेण्याआधी हे एकदा तपासा.

पण तुमच्या बाबतीत याहून सोपं आहे: पियानोचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. या सरकपट्टीचा मिडीच्या जोरावर काहीही परिणाम होत नाही. आवाज लॅपटॉपमधूनच काढायचा असेल तर एवढं पुरतं.

दुसरं कारण: दोन्ही आवाज एकाच पोताचे, आणि सूर नाकातून आल्यासारखा किंवा विमान वरून जाताना होतो तसा फिरता. याचा अर्थ तुम्ही वाजवलेलंच रीपरमधून परत पियानोला जातंय. तोच सूर काही मिलिसेकंदांनी दुसऱ्यांदा वाजतो. शिवाय पियानोची एका वेळी ६४ आवाजांची मर्यादा निम्म्यात संपते आणि पेडल धरून वाजवताना आधीचे सूर गळू लागतात. वायरमननी पियानोचा आउटपुट बंद ठेवायला सांगितलंय ते यासाठीच.

ऑक्टापॅडचंही असंच. तो यूएसबीने लॅपटॉपला लावला असेल तर त्याची पाच पिनांची वायर लॅपटॉपच्याच दुसऱ्या इंटरफेसला लावू नका, नाहीतर प्रत्येक थाप दोनदा रेकॉर्ड होईल.

आणखी एक. पियानोवर आवाज बदलायचं बटण दाबलं की बऱ्याच मॉडेलमधून 'प्रोग्राम चेंज' बाहेर जातो आणि एक्सपी-६० चा स्ट्रिंग्ज जाऊन तिथे भलताच पॅच येऊन बसतो. एक्सपी-६० च्या सिस्टिममध्ये प्रोग्राम चेंज घेणं बंद करा.

बफर_२५६

आवाज मागून येतो तो केबलमुळे नाही. पाच पिनांचं मिडी १९८३ चं असलं तरी सेकंदाला ३१,२५० बिट नेतं. एका सुराचा निरोप ३ बाइटचा, म्हणजे जेमतेम १ मिलिसेकंद. उशीर होतो तो लॅपटॉपच्या साउंड कार्डच्या बफरमध्ये, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी थोडा साठवला जातो तिथे.

हिशेब सोपा आहे. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६, १०२४ म्हणजे २३.२. वर ड्रायव्हरचा आणि यूएसबीचा थोडा वेळ. आवाज हवेत १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकर साडेतीन मीटर लांब ठेवल्यासारखं. तेवढं बोटांना चालतं. २५ च्या पुढे द्रुत लयीत हात अडखळायला लागतो.

रीपरमध्ये ऑडिओ डिव्हाइसच्या पानावर ड्रायव्हरचा प्रकार एएसआयओ (कमी उशिराचा ड्रायव्हर) करा. बाहेरचा ऑडिओ इंटरफेस असेल तर त्याच्याच कंपनीचा ड्रायव्हर. नसेल तर फुकट मिळणारा एएसआयओ फोर ऑल टाका. बफर २५६ पासून सुरू करा. कटकट आवाज आला तर वाढवा, नाही आला तर १२८ करून बघा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा, नाहीतर दहा मिनिटं न वाजवता बसलात की पियानो 'नाहीसा' होतो.

ब्लूटूथ स्पीकर किंवा ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवायचा विचारसुद्धा नको. तिथला उशीर सहज १५० मिलिसेकंदांवर जातो आणि तो कुठल्याही बफरने कमी होत नाही. ब्लूटूथ मिडी हा वेगळा प्रकार, तो चालतो. पण तुमच्या पियानोत नाही.

मिक्सरमागचा

पोकळ आवाजाचं कारण वायर. हेडफोन जॅक स्टीरिओ असतो: टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा, खाली ग्राउंड. तुम्ही बहुधा दोन्हीकडे स्टीरिओ पिन असलेली सरळ वायर मिक्सरच्या एका लाइन इनमध्ये घातली आहे. मिक्सरचा तो इन बॅलन्स्ड असतो. तो टोकावरच्या सिग्नलातून कड्यावरचा सिग्नल वजा करतो. डावीकडे आणि उजवीकडे जे सारखं आहे, म्हणजे सुराचं मुख्य अंग, ते वजाबाकीत उडतं. उरतो तो खोलीचा घुमारा. उपाय: एका टोकाला स्टीरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वाय वायर. दुकानात ६.३ मिलिमीटरच्या पिनेला पी-३८ म्हणतात. 'एक स्टीरिओ पी-३८, दोन मोनो पी-३८' असं सांगितलं की बनवून देतात. मिक्सरवर दोन चॅनल, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. पियानोचा व्हॉल्यूम साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा आणि बाकीचं मिक्सरच्या गेनवर भरून काढा. वायर लावली की पियानोचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, ते बिघडलेत असं समजू नका.

आता घूं. चार्जर काढल्यावर बंद होतं ना? मग तो अर्थ लूप. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, मिक्सरही तीन पिनांचा. लॅपटॉपचं ग्राउंड एकदा अर्थच्या तारेतून मिक्सरला पोचतं आणि दुसऱ्यांदा यूएसबीच्या शील्डमधून पियानो, पियानोतून ऑडिओ वायर, तिथून मिक्सर. गोल पूर्ण झाला की त्यात ५० हर्ट्झचा गुंजारव फिरतो, वर चार्जरची किणकिण. जुन्या इमारतीत दोन सॉकेटच्या अर्थमध्ये फरक असेल तर आणखी वाढतो.

यावर काही 'जाणकार' चार्जरची मोठी पिन तोडायला सांगतात. अजिबात तोडू नका. चार्जर आत शॉर्ट झाला तर ती वीज पियानोच्या धातूच्या भागापर्यंत आणि तुमच्या हातापर्यंत येते. गोल तोडायचा तर आवाजाच्या वायरीत किंवा यूएसबीत तोडा, अर्थमध्ये नाही.

सगळं सामान एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. निम्म्या वेळा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर लॅपटॉप किंवा पियानो आणि मिक्सर यांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (आवाज पुढे जाऊ देऊन ग्राउंड तोडणारी डबी), त्यावरचं 'ग्राउंड लिफ्ट' दाबून. दोन चॅनलसाठी दोन लागतील. तिसरा उपाय यूएसबी आयसोलेटर, पियानोच्या केबलमध्ये. १२ मेगाबिटवाला स्वस्त आयसोलेटर मिडीला भरपूर झाला, मात्र ऑडिओ इंटरफेस त्यावर चालवू नका, तो गुदमरतो.

गंमत म्हणजे एक्सपी-६० च्या मिडी वायरीमुळे हे कधीच होणार नाही. पाच पिनांच्या मिडी इनच्या तोंडाशीच ऑप्टोकपलर असतो: आत एक बारीक दिवा आणि समोर त्याला बघणारा सेन्सर. निरोप उजेडाने जातो, तांब्याचा संबंध तिथेच तुटतो.

काळी_पाच

हार्मोनियम आहे म्हणून सुराचं बोलून ठेवतो, कारण हा घोटाळा नेमका ऐन वेळी बाहेर येतो.

सा काळी एकला धरला आणि वाजवायला सोपं म्हणून पियानोवर ट्रान्स्पोज एकने वाढवलं. काही पियानो मिडीतही वाढलेलाच सूर पाठवतात, काही मूळ पाठवतात. तपासायचं कसं: रीपरमध्ये मधला सी दाबून रेकॉर्ड करा आणि मिडी आयटम उघडून बघा. सुराचा मिडी क्रमांक ६० दिसला तर मूळ जातोय, म्हणजे प्लगइनमध्ये आणि एक्सपी-६० वर ट्रान्स्पोज वेगळं द्यायला हवं. ६१ दिसला तर तिथे काहीच वाढवू नका, नाहीतर पांढरी दोन ऐकू येईल. स्वराच्या नावावर जाऊ नका: ६० लाच यामाहा सी-३ म्हणते आणि रोलंड सी-४.

बारीक ट्यूनिंग मात्र सुराच्या निरोपाबरोबर जात नाही. पेटी ४४२ ला लागलेली असेल आणि तुम्ही फक्त पियानो ४४२ केलात, तर प्लगइन आणि एक्सपी-६० राहिले ४४० लाच. मधला पांढरी सहा एकत्र धरला की सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात, वूं-वूं, वूं-वूं. १ हर्ट्झ म्हणजे या पट्टीत सुमारे ४ सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). प्लगइनमध्ये सेंटमध्ये विचारलं तर साधारण ८ भरा. तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे लावायचं आणि तिन्हीकडे लांब सूर धरून ठोके थांबलेत का ते ऐकायचं.

पांढरी_चार

डबल सूर गेला. पियानोचा आउटपुट रीपरमध्ये सुरूच होता. बफर १२८ वर नीट चालतंय. एका बोर्डवर सगळं घेतल्यावर घूं बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही. वाय वायरने पोकळपणा गेला.

उरलेले दोन प्रश्न. होस्ट डबीवरून एक्सपी-६० वाजतो, पण पेडल उलटं चालतं: सोडलं की सूर धरून राहतो. आणि ऑक्टापॅडचा आवाज रेकॉर्ड करायला इन कमी पडतात.

वायरमन_रे

पियानो सुरू करताना पाय पेडलवर असणार. त्या क्षणी पेडलची जी अवस्था असेल तीच पियानो 'वर' समजतो आणि पुढे सगळं उलटं. पियानो बंद करा, पेडलची पिन पूर्ण आत आहे ना बघा, पाय बाजूला, मग चालू करा. साधं स्विचचं पेडल असेल तर कंट्रोलर ६४ वर फक्त ० किंवा १२७ जातं. अर्धं पेडल त्यातून मिळणार नाही.

उरलेल्या घूंसाठी डीआय बॉक्सच घ्या.

बफर_२५६

ऑक्टापॅडचा आवाज लगेच रेकॉर्ड करायची गरज नाही. वाजवताना फक्त त्याचं मिडी रेकॉर्ड करा, थापा चुकल्या असतील तर जागच्या जागी सरकवा. सगळं मनासारखं झालं की त्याच ट्रॅकचा मिडी आउटपुट ऑक्टापॅडला द्या. ऑक्टापॅड स्वतःच वाजेल, आणि तेव्हा त्याचे दोन आउट मोकळ्या झालेल्या दोन इनमध्ये घालून आवाज रेकॉर्ड करा. एक्सपी-६० चे स्ट्रिंग्जही असेच, नंतर एकट्याने. फक्त या दुसऱ्या फेरीत ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर ऑक्टापॅडला त्याचंच बोलणं परत ऐकू जाईल.